कोल्ड फ्यूजन आणि बुडबुड्यांच्या ऊर्जेवर भांडणाऱ्या दोन्ही बाजूंना खुलं पत्र

मंडळी,

सप्रेम नमस्कार.

पॅलेडियम धातूच्या कांडीत खोलीच्या तापमानालाच अणू जुळून ऊर्जा निघते (हेच कोल्ड फ्यूजन) असं मानणाऱ्यांना आणि त्यांची टर उडवणाऱ्यांना, फुटणाऱ्या बुडबुड्यात सूर्य पेटतो, म्हणजे तिथेही अणू जुळतात, असं म्हणणाऱ्यांना आणि हा विषयच नको म्हणणाऱ्यांना, सगळ्यांना मिळून हे एकच पत्र लिहीत आहोत. आम्ही उष्णता मोजण्याच्या कामातली माणसं. तुमचे वाद आम्ही मन लावून वाचतो. ते बहुतेक वेळा सिद्धांतावर चालतात: कूलंबचा अडथळा, म्हणजे केंद्रकांना एकमेकांपासून दूर ढकलणारा विद्युत जोर, ओलांडता येतो की नाही, धातूच्या जाळीतले इलेक्ट्रॉन मदत करतात का, वगैरे. पण ज्या प्रयोगावर हा सगळा डोलारा उभा आहे, त्यात जास्तीची उष्णता निघाली होती का? याचं उत्तर तराजू, थर्मामीटर आणि वीजमीटर देतात. त्याआधी सिद्धांतावर भांडणं म्हणजे बाजारात तुरी. म्हणून आमची विनंती आहे की वाद मोजमापावर आणा. कसा, ते तपशिलात लिहितो.

२३ मार्च १९८९ रोजी अमेरिकेतल्या युटा विद्यापीठात मार्टिन फ्लाइशमन आणि स्टॅन्ली पॉन्स यांनी पत्रकार परिषद घेऊन दावा जाहीर केला. काचेचं पात्र, त्यात जड पाणी (साध्या हायड्रोजनऐवजी त्याचा जड भाऊ ड्युटेरियम असलेलं), पाण्यात थोडं लिथियम ड्युटेरॉक्साइड, पॅलेडियमचा कॅथोड, भोवती प्लॅटिनमच्या तारेचा अ‍ॅनोड, आणि आठवडेच्या आठवडे सोडलेला वीजप्रवाह. घातलेल्या विजेपेक्षा जास्त उष्णता बाहेर येते आणि ती रासायनिक असू शकत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. सामान इतकं साधं की काही आठवड्यांत अनेक देशांतल्या प्रयोगशाळांनी पात्रं मांडली. मांडणी सोपी आणि मोजणी अवघड, हे तेव्हा फार थोड्यांच्या लक्षात आलं.

मोजणी का अवघड, ते एका पात्रावर पाहू. ५ व्होल्टवर १ अँपिअर प्रवाह सोडला, म्हणजे ५ वॅट आत गेले. पण त्यातली काही ऊर्जा जड पाणी फोडून ड्युटेरियम आणि ऑक्सिजन तयार करण्यात खर्च होते. पात्र उघडं असेल तर हे वायू ती ऊर्जा घेऊन बाहेर जातात. जड पाण्यासाठी हा हिशेब १.५४ व्होल्टचा धरतात, म्हणजे १ अँपिअरला १.५४ वॅट. उरले ३.४६ वॅट, आणि पात्र तेवढंच तापायला हवं. त्याहून जास्त तापलं की संशोधक म्हणतो, जास्तीची उष्णता मिळाली.

आता समजा, तयार झालेल्या वायूंपैकी दहा टक्के पात्रातच पुन्हा एकत्र येऊन पाणी झाले. प्लॅटिनम आणि पॅलेडियम दोन्ही या क्रियेला उत्तेजन देणारे धातू आहेत, त्यामुळे हे सहज घडू शकतं. मग ०.१५४ वॅट पात्रातच राहिले आणि वहीत साडेचार टक्के 'जास्तीची उष्णता' आली. सगळेच वायू आत जळले तर जवळपास ४५ टक्के दिसेल. अणुक्रिया शून्य.

हे पकडायचं कसं? १ अँपिअरला दिवसाला सुमारे ८.१ मिलिलिटर जड पाणी फुटायला हवं. रोज किती पाणी वरून घालावं लागलं ते सिरिंजने मोजा. ७.३ मिलिलिटरच लागलं तर दहा टक्के परत जुळले. पण इथेही एक खाच आहे: बाहेर जाणारे वायू सोबत वाफ नेतात, पात्र साठ अंशांवर असेल तर बरीच नेतात. त्यामुळे पाण्याची घट पुरी भरते आणि आतली जुळणी झाकली जाते. म्हणून बाहेर येणारा वायूच मोजा. १ अँपिअरला तासाला साधारण ०.६७ लिटर. त्याहून बरं म्हणजे पात्र बंद ठेवा आणि आत वर उत्प्रेरक बसवा, म्हणजे सगळे वायू पुन्हा पाणी होतील. मग कसलीही वजाबाकी नको. आत गेलेले ५ वॅट ५ वॅटच बाहेर यायला हवेत. जो दावा फक्त उघड्या पात्रावर उभा आहे आणि बंद पात्रात मिटतो, तो आमच्या लेखी मिटलेला.

बंद पात्राचा धोकाही सांगून ठेवतो. उत्प्रेरक ओला झाला किंवा बुडबुड्यांच्या तुषारांनी झाकला गेला की तो काम थांबवतो आणि पात्रात ड्युटेरियम-ऑक्सिजनचं स्फोटक मिश्रण साठत जातं. जानेवारी १९९२ मध्ये कॅलिफोर्नियातल्या एसआरआय संस्थेत अशा पात्राच्या स्फोटात एका संशोधकाचा जीव गेला. दाबमापक, सुटका-झडप आणि दाब वाढताच प्रवाह तोडणारा स्विच हे तिन्ही नसतील तर बंद पात्राला हात लावू नका. घरच्या टेबलावर तर मुळीच नको.

उघड्या पात्रातल्या बाकीच्या चुका लहान वाटतात, पण एकाच दिशेने साचल्या की दावा तयार होतो. पाण्याची पातळी रोज उतरते, म्हणून उष्णता बाहेर जाण्याचा मार्ग बदलतो आणि सकाळी माहीत असलेले वॅट घालून काढलेला कॅलिब्रेशनचा गुणक संध्याकाळी लागू पडत नाही. द्रव नीट ढवळला जात नसेल तर थर्मामीटर जिथे लावला तिथलंच तापमान कळतं. वर, मध्ये, खाली असे तीन तरी लावा. वाहत्या पाण्याचा कॅलरीमीटर (उष्णता मोजायचं उपकरण) असेल तर सेकंदाला १ ग्रॅम प्रवाहात १ वॅटला ०.२४ अंशांची वाढ दिसते. ५० मिलिवॅटचा दावा असेल तर ती वाढ ०.०१२ अंश. एवढं पकडायचं तर पाण्याचा प्रवाह रोटामीटरवर, म्हणजे तरंगत्या गोटीच्या प्रवाहमापकावर, वाचून चालत नाही. बाहेर आलेलं पाणी तराजूवर ठेवलेल्या चंचुपात्रात घ्या आणि वजन-वेळेची नोंद ठेवा. आणि कॅलिब्रेशन त्याच पात्रात, त्याच पातळीला, आत बुडवलेल्या हीटरने करा. शिवाय पॅलेडियमच्या जागी प्लॅटिनमचा कॅथोड लावून तोच प्रयोग तितकेच दिवस चालवा. साध्या पाण्याशी तुलना पुरेशी नाही, कारण त्याचा आकडा १.५४ ऐवजी १.४८ व्होल्ट आहे आणि द्रावणाची वाहकताही वेगळी असते.

वितळलेल्या घनाची गोष्ट तुम्ही सगळेच सांगता. पॅलेडियमचा १ सेंटिमीटरचा घन एका रात्री वितळला आणि त्याचा काही भाग वाफ होऊन गेला, असं फ्लाइशमन आणि पॉन्स यांनी लिहिलं होतं. त्या घनाचं वजन १२ ग्रॅम. दर दहा पॅलेडियम अणूंमागे नऊ ड्युटेरियम अणू त्यात भरले असतील, तर तो सगळा ड्युटेरियम हवेत जळल्यावर सुमारे १५ किलोज्यूल निघतात. तोच घन खोलीच्या तापमानापासून १५५४ अंशांपर्यंत नेऊन वितळवायला लागतात ६ ते ७ किलोज्यूल. साठलेला वायू झपाट्याने बाहेर पडून पृष्ठभागावरच पेटला तर रसायनाच्या पोतडीतच वितळण्यापुरती उष्णता आहे. यावरून त्या रात्री नेमकं काय झालं ते ठरत नाही. पण नुसतं वितळणं हा अणुक्रियेचा पुरावा म्हणून पुढे करू नका. प्रवाह बंद केल्यावरही पात्र तापत राहिलं, या दाव्यालाही हीच कसोटी लावा: दर घन सेंटिमीटरला १५ किलोज्यूल म्हणजे १ वॅट धरला तर चार तास. चार दिवस चाललं तर बोला.

आता टर उडवणाऱ्यांशी थोडं. 'कुणालाच पुन्हा जमलं नाही' हे वाक्य तुम्ही फार सहज वापरता. १९८९ च्या उन्हाळ्यात ज्यांनी नकार कळवले, त्यांतल्या अनेकांनी पॅलेडियममध्ये ड्युटेरियम किती भरला होता हे मोजलंच नव्हतं. दाव्याच्या बाजूचे अनुभवी लोक, उदाहरणार्थ एसआरआयचे मायकेल मक्यूब्री, सांगत आले की हे प्रमाण (दर पॅलेडियम अणूमागे ड्युटेरियम अणू) ०.९ च्या आसपास गेल्याशिवाय काही दिसत नाही. तिथवर जाणं कठीण असतं. ड्युटेरियम आत जाताना धातू घनफळाने दहा-अकरा टक्के फुगतो, त्याला बारीक भेगा जातात आणि त्या भेगांतून वायू निसटत राहतो. म्हणून कांडी आधी नीट तापवून मऊ करावी लागते, प्रवाह सुरुवातीला कमी ठेवून दिवसेंदिवस भरावा लागतो. प्रमाण कळतं ते कांडीच्या विद्युतरोधावरून: रोध वाढत वाढत मूळच्या सुमारे दुप्पट होतो, ०.७५ च्या आसपास शिखर गाठतो आणि पुढे भरत गेलं की पुन्हा उतरतो. शिखर ओलांडलं की नाही, हे ज्याच्या नोंदीत नाही त्याचा होकारही अर्धा आणि नकारही अर्धा.

मात्र हा खुलासा आयुष्यभर वापरायचा परवाना होत नाही. २०१५ पासून गूगलच्या पैशावर तीसेक संशोधकांनी हे प्रयोग नव्याने केले आणि २०१९ मध्ये नेचर या विज्ञान-नियतकालिकात कळवलं की जास्तीच्या उष्णतेचा पुरावा मिळाला नाही. पॅलेडियम खूप भरणं किती दुष्कर आहे हेही त्यांनी त्यात प्रांजळपणे लिहिलं.

उष्णतेनंतर राखेचा प्रश्न येतो. चूल पेटली तर राख उरते. दोन ड्युटेरियम केंद्रकं जुळली की जवळपास निम्म्या वेळा ट्रिटियम (हायड्रोजनचा आणखी जड, किरणोत्सारी प्रकार) आणि प्रोटॉन मिळतात, निम्म्या वेळा हेलियम-३ आणि २.४५ एमईव्ही (दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट) ऊर्जेचा न्यूट्रॉन. हेलियम-४ आणि २३.८ एमईव्हीचं गॅमा किरण हा तिसरा मार्ग दहा लाखांत एखाद्या वेळचा किंवा त्याहूनही विरळ. या नेहमीच्या वाटेने १ वॅट निघत असेल तर सेकंदाला सुमारे ८५ हजार कोटी न्यूट्रॉन सुटतील आणि पात्राशेजारी उभा असलेला माणूस वाचणार नाही. युटात ती दोघं वाचली, म्हणजे नेहमीची वाट नव्हती. मग समर्थक म्हणतात की धातूत तिसराच मार्ग चालतो, आणि गॅमाऐवजी सगळी ऊर्जा जाळीला उष्णता म्हणून मिळते.

ठीक आहे, मग हेलियम दाखवा. १ वॅटला सेकंदाला २६ हजार कोटी हेलियम अणू. आकडा प्रचंड वाटतो, पण दिवसभराचा सगळा हेलियम जेमतेम ०.९ मायक्रोलिटर भरतो. हवेत मुळातच दहा लाखांत ५.२४ भाग हेलियम असतो. म्हणजे दिवसभरात १७० मिलिलिटर हवा आत झिरपली तर तेवढाच हेलियम आयता मिळतो. दावा ५० मिलिवॅटचा असेल तर साडेआठ मिलिलिटर हवा पुरते. एका सैल जोडाचं काम. बरं, काचेतून हेलियम एकटाच आरपार जातो, म्हणून काचेचं पात्र बादच. सगळं धातूचं घ्या, जोड वेल्ड केलेले. हेलियमबरोबर निऑन आणि आर्गॉनही मोजा: हवा आली असेल तर दहा लाखांत १८ भाग असलेला निऑनही सोबत आला असणार. मास स्पेक्ट्रोमीटर (अणू-रेणूंचं वस्तुमान मोजणारं यंत्र) किमान इतका बारीक हवा की हेलियमचं ४.००२६ आणि ड्युटेरियम रेणूचं ४.०२८२ हे दोन शिखरं वेगळी दिसावीत. नाहीतर उरलेला ड्युटेरियमच हेलियम म्हणून मोजला जातो.

न्यूट्रॉन मोजणाऱ्यांनी अमेरिकेतल्या जॉर्जिया टेक संस्थेचा धडा विसरू नये. एप्रिल १९८९ मध्ये तिथे न्यूट्रॉन सापडल्याचं जाहीर झालं आणि काही दिवसांत मागे घेतलं गेलं, कारण मोजणीयंत्र उष्णतेलाच प्रतिसाद देत होतं. दोन वेगळ्या जातीची मोजणीयंत्रं ठेवा. एकावर दिसलं आणि दुसऱ्यावर नाही तर ते वाचन टाकून द्या. दमट हवेत जास्त व्होल्टेजच्या जोडण्यांतून ठिणग्या गळतात आणि न्यूट्रॉन असल्यासारखे ठोके देतात. मुंबईच्या पावसाळ्यात तर हे धरूनच चाला.

मुंबईचं नाव निघालं म्हणून ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्राविषयी (बार्क). 'आपल्या भाभा केंद्राने कोल्ड फ्यूजन सिद्ध केलं होतं' असं अभिमानाने म्हणणारे मराठीत बरेच आहेत. १९८९ मध्ये केंद्राचे संचालक पी. के. अय्यंगार होते आणि त्यांच्या प्रोत्साहनाने तिथल्या अनेक गटांनी हे प्रयोग केले, हे खरं. अय्यंगार आणि एम. श्रीनिवासन यांनी त्याच वर्षी डिसेंबरमध्ये सगळं काम एका अहवालात एकत्र आणलं. पण त्या अहवालाचा मुख्य दावा ट्रिटियम आणि न्यूट्रॉन सापडल्याचा होता. आणि त्यातलं प्रमाण विलक्षण होतं: न्यूट्रॉन आणि ट्रिटियम जवळपास सारखे मिळायला हवेत, तिथे एका न्यूट्रॉनमागे दहा कोटींच्या घरात ट्रिटियम अणू. हे खरं असेल तर अणुभौतिकीतला मोठा शोध. पण आधी ट्रिटियम मोजणीतल्या तीन शंका फेडाव्या लागतात. जड पाण्यात थोडं ट्रिटियम असतंच, आणि इलेक्ट्रोलिसिसमध्ये हलका ड्युटेरियम आधी निघून गेल्याने ते पात्रात घट्ट होत जातं, त्यामुळे रोज भरलेल्या पाण्याचा हिशेब लागतो. पॅलेडियममध्येच ते आधीपासून असू शकतं. अमेरिकेत काही नमुन्यांत तसं आढळलंही. आणि अल्कली द्रावण थेट सिंटिलेशन द्रवात (किरणोत्सारामुळे चमकणाऱ्या, मोजणीच्या द्रवात) घातलं तर रासायनिक प्रकाश पडून खोटी मोजणी वाढते. नमुना आधी ऊर्ध्वपातित करावा, काही तास अंधारात ठेवावा, मग दोनदा मोजावा. ट्रॉम्बेचा अभिमान बाळगणाऱ्यांनी तो अहवाल स्वतः वाचावा आणि प्रत्येक प्रयोगापुढे या तीन शंकांची उत्तरं लिहावीत. हेटाळणी करणाऱ्यांनीही तो वाचल्याशिवाय 'बार्कची फजिती' म्हणू नये.

सिद्धांतांबद्दल थोडक्यात, कारण आमच्या मते ते घोड्यापुढे बांधलेल्या गाडीसारखे आहेत. अ‍ॅलन विडम आणि लुईस लार्सन यांनी २००६ मध्ये मांडलं की धातूच्या पृष्ठभागावर इलेक्ट्रॉन जड होऊन प्रोटॉनशी मिसळतात आणि मंद न्यूट्रॉन तयार होतात. त्यासाठी प्रत्येक वेळी ०.७८ एमईव्ही लागतात. खोलीच्या तापमानाला एका कणाजवळ साधारण ०.०२५ इलेक्ट्रॉन-व्होल्ट असतात. म्हणजे तीन कोटी वाटेकऱ्यांची पुंजी एकाच इलेक्ट्रॉनच्या हाती यायला हवी. तसं झालंच तर ते न्यूट्रॉन शेजारच्या अणूंत शिरून किरणोत्सारी राख आणि गॅमा सोडतील, ती मोजून दाखवा. जो सिद्धांत कोणत्या यंत्रावर कोणता आकडा दिसेल हे आधी सांगत नाही, त्यावर वेळ घालवू नये. इलेक्ट्रॉनांच्या पडद्यामुळे धातूत संमीलन (अणुकेंद्रकं जुळणं) थोडं सोपं होतं हे मात्र मोजलेलं सत्य आहे. २०२५ मध्ये व्हँकुव्हरच्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठातल्या गटाने पॅलेडियमवर ड्युटेरियम आयनांचा मारा करताना मागच्या बाजूने इलेक्ट्रोकेमिस्ट्रीने ड्युटेरियम भरला आणि संमीलनाचा वेग १५ टक्के वाढलेला न्यूट्रॉन मोजून दाखवला. घातलेल्या विजेपुढे मिळालेली ऊर्जा नगण्यच होती आणि त्यांनी तसं लपवलंही नाही. दावा कसा मांडावा याचा हा चांगला नमुना.

बुडबुड्यांकडे वळू. ध्वनीने हलवलेल्या पाण्यात बुडबुडा मिटताना प्रकाश देतो, हे १९३४ पासून माहीत आहे, आणि एकाच स्थिर बुडबुड्यातून तो प्रकाश १९८० च्या दशकाच्या शेवटी मिसिसिपी विद्यापीठात फेलिपे गायटान आणि लॅरी क्रम यांनी मिळवला. हा प्रयोग महाविद्यालयातही जमतो: १०० मिलिलिटरचा गोल चंबू, दोन बाजूंना चिकटवलेल्या पिएझो (विजेने कंप पावणाऱ्या) चकत्या, २५ हजार हर्ट्‌झच्या आसपासची कंपनं, चकत्यांशी जुळवलेलं इंडक्टर कॉइल. फसतो तो बहुतेकदा पाण्यामुळे. विरघळलेली हवा पाचव्या हिश्शापर्यंत काढली नाही तर बुडबुडा मध्यावर स्थिर राहत नाही, नाचतो. दाब १.४ वातावरणाच्या पुढे नेला तर त्याचा गोल आकार बिघडून तो फुटतो. थंड पाण्यात प्रकाश जास्त. अंधाऱ्या खोलीत डोळे सरावल्यावर चंबूच्या मध्यभागी निळसर ठिपका दिसतो, तेव्हा हरखून जायला होतं, आणि तसं वाटायलाच हवं.

आता त्याच ठिपक्याचा हिशेब. बुडबुडा फुगून ५० मायक्रॉन त्रिज्येचा होतो, भोवतालचा दाब १ वातावरण. मिटताना त्याला मिळू शकणारी सगळी ऊर्जा सुमारे ५ गुणिले १० चा उणे ८ वा घात ज्यूल. शांत असताना तो ५ मायक्रॉनचा, म्हणजे आत साधारण १,३०० कोटी रेणू. भागाकार केला की एका रेणूच्या वाट्याला २५ इलेक्ट्रॉन-व्होल्ट येतात, तेही एक कणही वाया गेला नाही तर. प्रत्यक्षात बरीच ऊर्जा आवाजात, वाफेत आणि रेणू तोडण्यात जाते. २००५ मध्ये सल्फ्युरिक आम्लातल्या आर्गॉनच्या बुडबुड्यात सुमारे १५ हजार अंश मोजले गेले. संमीलनाला काही कोटी अंश हवेत. समर्थकांचा एकच युक्तिवाद आम्हाला दखल घेण्याजोगा वाटतो: आघाततरंग ऊर्जा मध्यबिंदूत गोळा करतो, म्हणून सरासरी पाहू नये. मान्य. पण मग तापणारे रेणू फार थोडे उरतात आणि पुन्हा न्यूट्रॉन मोजण्यापाशीच यावं लागतं.

तिथे काय झालं? मार्च २००२ मध्ये अमेरिकेतल्या ओक रिज प्रयोगशाळेतून रूसी तालेयारखान आणि सहकाऱ्यांनी सायन्स नियतकालिकात लिहिलं की थंड केलेल्या ड्युटेरियमयुक्त अ‍ॅसिटोनमध्ये बुडबुडे मिटताना न्यूट्रॉन आणि ट्रिटियम मिळालं. अडचण अशी की बुडबुडे जन्माला घालायला ते १४ एमईव्ही न्यूट्रॉनचाच झोत सोडत होते. विहिरीत बादलीने पाणी ओतत असताना झरा फुटल्याचं सांगण्यासारखं ते. अशक्य नाही, पण वेळेचा हिशेब फार काटेकोर हवा. त्याच प्रयोगशाळेत शपिरा आणि सॉल्टमार्श यांनी त्याच उपकरणाशी मोठं मोजणीयंत्र लावलं आणि दाव्याइतके न्यूट्रॉन त्यांना आढळले नाहीत. २००६ च्या पुढच्या निबंधातल्या न्यूट्रॉनांचा आलेख कॅलिफोर्नियम-२५२ या प्रयोगशाळेतल्या नेहमीच्या स्रोताशी जुळतो, असं ब्रायन नरांजो यांनी दाखवलं. ते तालेयारखान यांना मान्य नव्हतं. २००८ मध्ये पर्ड्यू विद्यापीठाच्या समितीने स्वतंत्र पडताळणीच्या दाव्यांबाबत तालेयारखान यांच्यावरचे दोन आरोप ग्राह्य धरले. आकडे बनावट असल्याचा तो निष्कर्ष नव्हता. तसं पसरवणं थांबवा.

आपल्याकडे जास्त दिसतो तो मात्र वेगळाच प्रकार: भोकं पाडलेला रोटर पाण्यात फिरवून 'शंभराहून जास्त टक्के' उष्णता. १९९० च्या दशकात अमेरिकेत जेम्स ग्रिग्ज यांच्या पंपाने हा दावा प्रसिद्ध केला. किर्लोस्करवाडीपासून कोल्हापूरपर्यंत पंपाशी काम करणाऱ्या कुणालाही कॅव्हिटेशन, म्हणजे पाण्यात बुडबुडे होऊन मिटणं, कानाने कळतं, पंपात खडे घोळल्यासारखं. आणि त्याने खाल्लेलं इंपेलरही हाताला कळतं. ही ताकद खरी आहे. मुंबईच्या आयसीटीत अनिरुद्ध पंडित यांच्या गटाने आणि पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने ती सांडपाण्यातले हट्टी रेणू तोडायला कामाला लावली आहे. पण मोटरने पाण्यात घातलेलं काम शेवटी उष्णताच होतं, रोटरला भोकं असोत वा नसोत.

मग १५० टक्के कुठून येतात? ५ अश्वशक्तीची थ्री-फेज मोटर घ्या: ४१५ व्होल्ट, ७ अँपिअर, पॉवर फॅक्टर ०.८४. खरी वीज ४.२३ किलोवॅट. क्लॅम्प मीटरवाला थ्री-फेजसाठीच्या १.७३ ने गुणायला विसरला तर त्याच्या वहीत २.४४ किलोवॅट. शाफ्टवर ३.७ किलोवॅट मिळाले आणि ते २०० लिटरच्या ड्रममध्ये गेले तर तासाला १६ अंश वाढ होते. १६ अंश खरे, थर्मामीटर खरा, आणि उत्तर १५२ टक्के. माणूस प्रामाणिक असतो, फक्त गुणाकार सुटलेला असतो. मोटर वेग बदलणाऱ्या ड्राइव्हवर असेल तर साधा क्लॅम्प मीटर आणखी चकवतो; थ्री-फेज एनर्जी मीटर ड्राइव्हच्या आधी, वीज आत येते त्या बाजूला लावा आणि युनिटच वाचा. आणि हीट पंपाच्या 'तीनपट'चं उदाहरण देऊ नका. तो बाहेरच्या हवेतली उष्णता आत आणतो, निर्माण करत नाही.

वाफेचा दावा असेल तर अधिक सावध. २०११ मध्ये इटलीतल्या बोलोन्यात आंद्रेया रोस्सी यांच्या ई-कॅट या 'कोल्ड फ्यूजन' यंत्राच्या प्रात्यक्षिकात वाफ कोरडी आहे हे हवेची आर्द्रता मोजणारं उपकरण लावून ठरवलं गेलं. १०० अंशांवरच्या वाफेत आकारमानाने फक्त एक टक्का पाण्याचे थेंब असले तरी वजनाने ९४ टक्के पाणीच असतं, कारण वाफ अतिशय हलकी. आणि १ किलो पाण्याची वाफ करायला २,२५७ किलोज्यूल लागतात, २० वरून १०० अंशांवर न्यायला फक्त ३३५. म्हणून बादली घ्या. १० किलो पाणी, २० अंश, तराजूवर. वाफेची नळी त्यात बुडवा, वजन पाव किलोने वाढेपर्यंत. वाफ कोरडी असेल तर पाणी ३५ अंशांवर पोहोचेल. वर सांगितलेली ओली वाफ असेल तर २३ अंशही गाठणार नाही. पाच मिनिटांचं काम आहे.

तर मंडळी, ज्यांच्याकडे असं यंत्र आहे किंवा येणार आहे, त्यांनी ड्रमची चाचणी अशी करावी. ड्रमला ग्लासवूलचं जाड वेष्टण आणि वर झाकण. पाणी मोजून नाही, तोलून २०० किलो. पाण्यात वर, मध्ये, खाली असे तीन थर्मामीटर, आणि चौथा खोलीच्या हवेत. सुरुवात त्या हवेपेक्षा जितकी खाली तितकाच शेवट वर: हवा ३० अंश असेल तर पाणी २२ वर सुरू करा, ३८ वर थांबा, म्हणजे हवेशी झालेली देवाणघेवाण बरीचशी फिटते. सकाळच्या गार पाण्याने सुरू करून दुपारच्या तापलेल्या शेडमध्ये संपवलेली चाचणी धरू नका. मग भोकांचा रोटर काढून त्याच मापाची सपाट चकती बसवा आणि पुन्हा चालवा. फेरे सारखे ठेवू नका, मीटरवरचे युनिट सारखे ठेवा. सपाट चकती फिरवायला सोपी जाते, म्हणून तिला जास्त वेळ द्यावा लागेल. दोन्ही वेळा पाणी शेवटी पुन्हा तोला, कारण उडालेल्या दर किलोमागे सुमारे २,४०० किलोज्यूल गेले. मोटर बंद केल्यावर दोन तास दर पाच मिनिटांनी तापमान लिहा. ड्रम किती गळतो ते तिथूनच कळतं. चाचणीला विरोधी मताचा एक माणूस बोलवा आणि एनर्जी मीटर त्याला त्याच्या घरून आणू द्या.

दोन्ही वह्या, रोटरची आणि चकतीची, न गाळता प्रसिद्ध करा. त्या दोघांत फरक निघाला तर आम्ही स्वखर्चाने येऊन पुन्हा मोजू.

आपले,
उष्णतामापनाच्या कामातले काही जण